आपल्यातील तिघे : पालक, प्रौढ आणि बालक

घरात, कचेरीत, शाळेत, बाजारात आपण दिवसभर माणसांशी बोलत असतो. त्यातील पुष्कळसे बोलणे सुरळीत पार पडते. परंतु कधी कधी साध्या प्रश्नाला तिखट उत्तर येते, चांगल्या हेतूने सांगितलेली गोष्ट समोरच्याच्या मनाला लागते आणि घटकाभरात दोन माणसांचे बोलणे बंद होते. वर्षानुवर्षे त्याच घरात, त्याच कारणावरून, त्याच शब्दांत तेच भांडण होत राहते. "स्वभावाला औषध नाही" असे म्हणून आपण तो विषय सोडून देतो. पण स्वभाव म्हणजे नेमके काय? तो कोठून येतो? आणि तो थोडाफार तरी बदलता येतो काय? या प्रश्नांचा विचार करणारी एक सोपी, सर्वसामान्य माणसाला कळेल अशी विचारपद्धती मानसशास्त्रात आहे. तिचे नाव ट्रान्झॅक्शनल अॅनालिसिस. मराठीत आपण तिला 'व्यवहार-विश्लेषण' म्हणू. येथे व्यवहार म्हणजे पैशाचा व्यवहार नव्हे, तर माणसामाणसांतील बोलण्या-वागण्याची देवाणघेवाण होय.

या पद्धतीचे जनक डॉ. एरिक बर्न हे होत. त्यांचा जन्म १९१० साली कॅनडातील माँट्रियल येथे झाला. वडील डॉक्टर होते, परंतु एरिक लहान असतानाच क्षयरोगाने त्यांचे निधन झाले. पुढे एरिक बर्न अमेरिकेत मनोविकारतज्ज्ञ झाले. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात मनोविकारतज्ज्ञ म्हणून काम करताना अनेक रुग्णांना एकत्र बसवून उपचार करण्याचा अनुभव त्यांना आला. मनोविश्लेषणाचे दीर्घ शिक्षण घेऊनही १९५६ साली सॅन फ्रान्सिस्को येथील मनोविश्लेषण संस्थेने त्यांना सदस्यत्व नाकारले. तेव्हा त्यांनी स्वतःची वाट धरली. १९६४ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे 'गेम्स पीपल प्ले' हे पुस्तक जगभर वाचले गेले. त्यांचे सहकारी डॉ. थॉमस हॅरिस यांचे 'आय अॅम ओके, यू आर ओके' हे पुस्तक त्यानंतर काही वर्षांत आले आणि हा विचार घरोघरी पोचला. १९७० साली बर्न यांचे निधन झाले.

बर्न यांचा आग्रह असा होता की, रुग्णाला जे समजत नाही ते बोलूच नये. डॉक्टरने रुग्णाच्या पाठीमागे अवघड शब्दांत बोलण्यापेक्षा दोघांनी मिळून एकाच साध्या भाषेत विचार करावा. म्हणूनच या शास्त्रातील शब्द घरातले आहेत : पालक, प्रौढ, बालक, खेळ, कथानक.

एका माणसात तिघे

बर्न यांच्याकडे एक यशस्वी वकील उपचारासाठी येत असत. एके दिवशी ते म्हणाले की, आपण खरे वकील नसून एक लहान मुलगाच आहोत. कचेरीत मोठमोठे खटले चालविणारा हा माणूस काही वेळा खरोखर लहान मुलासारखा वागत असे. त्यावरून बर्न यांच्या लक्षात आले की, प्रत्येक माणसात मनाच्या तीन अवस्था नांदत असतात.

पहिली अवस्था पालकाची. आईवडील, आजी-आजोबा, शिक्षक, गावातील वडीलधारी माणसे यांना लहानपणी आपण जसे बोलताना, वागताना पाहिले, तसे आपण नकळत आपल्यात उतरवून घेतले. या पालकाची दोन रूपे आहेत. एक दटावणारा, नियम सांगणारा. दुसरा मायेने जपणारा. बोट उगारून "किती वेळा सांगितलं तुले?" असे आपण म्हणतो, तेव्हा कित्येकदा तो आवाज आपल्या वडिलांचा असतो.

दुसरी अवस्था बालकाची. लहानपणी आपल्याला जे वाटले, ते सारे येथे जपलेले असते. हसणे, कुतूहल, हट्ट, नवे काही करण्याची उमेद ही मोकळ्या बालकाची लक्षणे. भीती, लाज, खाली मान घालणे, तोंडावर 'हो' म्हणून मनात कुढणे ही दबलेल्या बालकाची लक्षणे. पन्नाशीच्या कर्मचाऱ्याला "साहेबांनी बोलावले आहे" एवढे ऐकून घाम फुटतो, तेव्हा त्याच्यातील शाळकरी मुलगा जागा झालेला असतो.

तिसरी अवस्था प्रौढाची. याचा वयाशी संबंध नाही. समोर काय आहे ते पाहणे, माहिती गोळा करणे, हिशोब मांडणे आणि मग निर्णय घेणे हे प्रौढाचे काम. दहा वर्षांच्या मुलातही प्रौढ असतो आणि साठ वर्षांच्या माणसातही तो झोपलेला असू शकतो.

उदाहरणार्थ, घरात मुलीचे लग्न ठरले आहे. पालक म्हणतो, "लोक काय म्हणतील? गावजेवण झालेच पाहिजे." बालक म्हणतो, "शेजारच्यांनी केले त्यापेक्षा मोठे करू." प्रौढ विचारतो, "हाताशी किती आहे? कर्ज किती काढावे लागेल? व्याज काय? कापूस कधी विकला जाईल?" तिघांनाही बोलण्याचा अधिकार आहे. पालकाशिवाय माणसाला रीत राहत नाही आणि बालकाशिवाय जगण्यात गोडी राहत नाही. परंतु शेवटचा निर्णय प्रौढाने घेतला पाहिजे, एवढेच हे शास्त्र सांगते.

कधी पालकाचे मत प्रौढाच्या तोंडून बाहेर पडते. "मुलींना गणित जमत नाही", "अमुक जातीचे लोक असेच असतात" ही वाक्ये बोलणारा माणूस ती अनुभवाची गोष्ट म्हणून सांगतो. वस्तुतः त्याने ती कधी तपासलेली नसते. लहानपणी ऐकलेले त्याने तसेच पुढे ढकललेले असते. पूर्वग्रह म्हणतात तो हाच.

बोलणे जुळते कसे, तुटते कसे

दोन माणसे बोलतात तेव्हा खरे तर सहा जण समोरासमोर असतात. कोण कोणाशी बोलतो आहे यावर संवादाचे भवितव्य ठरते.

नवरा विचारतो, "बाजाराची पिशवी कुठी आहे?" बायको सांगते, "खुंटीले अडकवली आहे." प्रौढाने प्रौढाला विचारले, प्रौढाकडून उत्तर आले. हा जुळता व्यवहार होय. तापाने फणफणलेला मुलगा "माय, डोकं लय दुखते" म्हणतो आणि आई कपाळावर हात ठेवते. येथे बालकाने पालकाला हाक दिली आणि पालकाने ओ दिली. हाही जुळता व्यवहारच. व्यवहार जुळता असेपर्यंत बोलणे चालू राहू शकते.

आता तोच पिशवीचा प्रश्न आणि उत्तर असे : "तुम्हाले तर घरातलं काईच सापडत नाही!" प्रश्न प्रौढाचा होता, उत्तर दटावणाऱ्या पालकाचे आले आणि ते नवऱ्यातील बालकाला जाऊन लागले. तारा एकमेकींना छेदल्या. आता पिशवी बाजूला राहते आणि मागच्या दहा वर्षांचा हिशोब निघतो. याला छेद-व्यवहार म्हणतात. बायकोचे उत्तर असे का आले, हेही पाहिले पाहिजे. कदाचित सकाळपासून तिची कोणी विचारपूसच केली नसेल.

तिसरा प्रकार आडपडद्याचा. शब्द एक आणि अर्थ दुसरा. "या ना, आमच्या गरिबाच्या घरी तुम्ही कशाला याल!" यात आमंत्रण आहे आणि टोमणाही आहे. बर्न म्हणतात की, अशा व्यवहाराचा शेवट वरच्या शब्दांनी ठरत नाही, आतल्या अर्थाने ठरतो.

छेद देणे नेहमी वाईटच असते असे मात्र नाही. पाली वाङ्मयात अक्कोस भारद्वाजाची कथा आहे. राजगृह येथे हा ब्राह्मण रागाने तथागतांकडे आला आणि त्याने त्यांना शिव्या दिल्या. तथागतांनी त्याला शांतपणे विचारले की, तुझ्याकडे पाहुणे येतात काय? तू त्यांना भोजन वाढतोस काय? त्यांनी ते घेतले नाही तर ते कोणाचे राहते? तो म्हणाला, माझेच. तेव्हा तथागत म्हणाले की, तुझ्या शिव्याही मी स्वीकारल्या नाहीत, त्या तुझ्याच राहिल्या. आजच्या भाषेत सांगावयाचे तर भारद्वाज दटावणाऱ्या पालकाच्या भूमिकेतून आला होता. समोरून रडणारे किंवा चिडणारे बालक यावे, अशी त्याची अपेक्षा होती. त्याऐवजी त्याला प्रौढ भेटला आणि त्याने प्रश्न विचारून भारद्वाजातील प्रौढालाही जागे केले.

मूर्तिजापूर तालुक्यातील एक उदाहरण

प्रश्नाने प्रौढाला जागे करण्याची ही रीत पाहण्यासाठी आपल्याला दूर जाण्याचे कारण नाही. संत गाडगेबाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे झाला. वडील झिंगराजी दारूच्या व्यसनापायी गेले आणि आई सखुबाई लहानग्या डेबूला घेऊन माहेरी, आपल्या मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरा या गावी आल्या. बाबांचे बालपण आणि तरुणपण येथेच मामांच्या शेतात राबण्यात गेले. मामांची जमीन सावकारी पाशात कशी जाते, हेही त्यांनी डोळ्यांनी पाहिले. १ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले आणि पुढे पन्नास वर्षे गावोगाव झाडू आणि कीर्तन यांच्या साह्याने लोकशिक्षण केले. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ त्यांचे महानिर्वाण झाले.

बाबांच्या कीर्तनाची रीत वेगळी होती. इतर कीर्तनकार सांगत आणि लोक ऐकत. म्हणजे व्यासपीठावर पालक आणि खाली बालक. बाबा मात्र लोकांना प्रश्न विचारीत. साधे, वऱ्हाडी बोलीतील, कोणालाही उत्तर देता येईल असे. कर्ज काढून सण केला तर फेडतो कोण? दारूत पैसा गेला तर घरी चूल कशी पेटणार? नवसाला बकरा कापला तर देव तो खातो की आपण? लोकांनी मोठ्याने उत्तर द्यावयाचे, बाबांनी त्या उत्तरातून पुढचा प्रश्न काढावयाचा, आणि शेवटी निष्कर्ष लोकांच्याच तोंडून बाहेर पडावयाचा. जो निष्कर्ष माणूस स्वतःच्या तोंडाने काढतो, तो त्याला दुसऱ्याने लादलेला वाटत नाही. हजारो निरक्षर माणसांतील प्रौढाला एकाच वेळी हाक देणारी ही रीत होती. बाबांनी बर्न वाचले नव्हते, वाचणे शक्यही नव्हते. 'गेम्स पीपल प्ले' बाहेर पडले तेव्हा बाबांना जाऊन आठ वर्षे होत आली होती. परंतु माणसाला न हिणवता त्याच्या बुद्धीशी बोलता येते, हे त्यांनी वऱ्हाडच्या मातीत दाखवून दिले होते.

बाबा प्रसंगी रागावत, नक्कल करीत, लोकांना पोट धरून हसवीत. म्हणजे पालक आणि बालक हे दोघेही त्यांच्या कीर्तनात असत. पण सूत्र प्रौढाच्या हाती असे.

दखलेची भूक

पोटाला जशी अन्नाची भूक असते, तशी मनाला दखलेची भूक असते, हा या शास्त्रातील महत्त्वाचा विचार. कोणीतरी आपल्याकडे पाहावे, नाव घेऊन हाक मारावी, पाठीवर हात ठेवावा, ही प्रत्येकाची गरज आहे. डॉ. रेने स्पिट्झ यांनी १९४५ च्या सुमारास अनाथ बालकांच्या संस्थेतील तान्ह्या मुलांचा अभ्यास केला. त्यांना अन्न, औषध, स्वच्छता मिळत होती. पण उचलून घेणारे, बोलणारे माणूस मिळत नव्हते. ती मुले खंगत गेली, आजारी पडली, कित्येक दगावली.

दखल दोन प्रकारची असते : गोड आणि कडू. शिवाय ती सशर्त किंवा बिनशर्त असते. "पहिला आलास, शाबास!" ही सशर्त गोड दखल. "तू आमच्या घरी आलास, आम्हाले बरं वाटते" ही बिनशर्त. "अक्षर खराब काढलंस" ही सशर्त कडू, आणि "तू बिनकामाचाच" ही बिनशर्त कडू. शेवटची सर्वांत घातक, कारण तिच्यात सुधारणेला जागाच नाही. अक्षर सुधारता येते, आपले असणे कसे सुधारावे?

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. गोड दखल मिळत नसेल तर मूल कडू दखल मिळविते. कारण मार खाणेही कोणी न बघण्यापेक्षा बरे वाटते. वर्गातील खोडकर मुलाकडे या दृष्टीने पाहिले तर शिक्षा वाढविण्याऐवजी त्याने पुस्तक उघडून ठेवले तेवढ्याचीही दखल घ्यावी, असे शिक्षकाला वाटू लागेल.

चार भूमिका

लहानपणी मिळालेल्या या दखलेवरून मूल स्वतःविषयी आणि जगाविषयी एक मत बनविते. असे चार प्रकार सांगितले आहेत. "मी ठीक आहे, तुम्हीही ठीक आहात" ही निरोगी भूमिका. "मी ठीक नाही, तुम्ही ठीक आहात" ही न्यूनगंडाची. "मी ठीक आहे, तुम्ही ठीक नाही" ही अहंकाराची आणि दुसऱ्याला तुच्छ लेखण्याची. "मी ठीक नाही, तुम्हीही ठीक नाही" ही निराशेची.

पाश्चात्त्य लेखकांनी या भूमिका मुख्यतः कुटुंबाच्या चौकटीत पाहिल्या. आपल्याकडे मात्र घराबाहेरचा गावही मुलाचा पालक असतो, आणि शतकानुशतके त्या पालकाने जात पाहून मुलांना भूमिका वाटून दिल्या. काहींना जन्मतःच दुसरी, काहींना जन्मतःच तिसरी. वर्गात गोणपाट टाकून वेगळे बसविलेल्या मुलाला कोणी शब्दाने "तू ठीक नाहीस" असे सांगण्याची गरज नव्हती. ते गोणपाटच सांगत होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बालपणी सातारा येथे हा अनुभव घेतला होता. विशेष हे की, समाजाने दिलेली ती भूमिका त्यांनी स्वतःविषयीचे सत्य म्हणून स्वीकारली नाही.

पुढे त्यांनी जे लढे दिले, ते हक्कांचे तर होतेच, पण ते मनाच्या भूमिकेचेही होते. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी हजारो लोकांनी ओंजळीत घेतले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अंबादेवी मंदिर प्रवेशाच्या प्रश्नावर अमरावती येथे भरलेल्या परिषदेचे अध्यक्षस्थान बाबासाहेबांनी भूषविले. डिसेंबरमध्ये महाडच्या दुसऱ्या परिषदेच्या वेळी त्यांनी स्त्रियांसमोर भाषण केले. लुगडे नेसण्याच्या पद्धतीवरून किंवा दागिन्यांवरून आपली जात ओळखू येईल अशा खुणा टाकून द्या, स्वच्छ राहा, मुलींना शिकवा, असा त्याचा आशय होता. कित्येक स्त्रियांनी लगेच लुगडे नेसण्याची पद्धत बदलली. वरवर पाहता हा वेशातील बदल. परंतु "मी ठीक नाही" ही पाटी अंगावरून स्वतःच्या हाताने उतरवून ठेवण्याची ती कृती होती. तिचे मानसशास्त्रीय मोल फार मोठे आहे.

जीवनाचे कथानक

बर्न म्हणतात की, सहा-सात वर्षांचे होईपर्यंत मूल आपल्या आयुष्याचे कथानक मनाशी ठरवून टाकते आणि पुढे नकळत त्याप्रमाणे जगते. मूर्तिजापूरकरांना यासाठी एक उदाहरण जवळचे आहे. यवतमाळ आणि अचलपूरकडे जाणारी आपली शकुंतला ज्या अरुंद रुळांवरून धावत असे, ते रूळ शंभर वर्षांपूर्वी विदेशी कंपनीने वऱ्हाडातील कापूस बाहेर नेण्यासाठी टाकले होते. गाडीत बसणारा प्रवासी बदलला, काळ बदलला, पण गाडी त्या रुळांवरूनच जाणार. मनातील कथानकाचेही असेच असते. रूळ दुसऱ्याने, दुसऱ्याच कारणासाठी टाकलेले असतात.

हे रूळ दोन प्रकारच्या संदेशांनी बनतात. एक मनाई आणि दुसरी सक्ती. बॉब आणि मेरी गोल्डिंग या पती-पत्नींनी मनाईच्या संदेशांचा अभ्यास केला. मोठा होऊ नको, यशस्वी होऊ नको, विचार करू नको, आपले दुःख दाखवू नको, आपला म्हणून कोठे मिसळू नको, आणि सर्वांत भयंकर म्हणजे तू नसतास तर बरे झाले असते. आईबाप हे हेतुपुरस्सर सांगत नाहीत. "चारचौघांत पुढं पुढं करू नको", "आपल्या लोकाईले हे जमत नाही", "ह्या पोरीच्या जागी पोरगा असता तर!" अशी वाक्ये थकलेल्या, गांजलेल्या माणसाच्या तोंडून निघून जातात. कधी ती भीतीपोटीही येतात. ज्या पिढीने मान वर केल्याबद्दल मार खाल्ला, ती मुलाला मान खाली ठेवण्यास सांगते ती त्याचा जीव वाचविण्यासाठी. पण धोका सरल्यावरही संदेश सरत नाही.

सक्तीचे संदेश टायबी केलर यांनी १९७० च्या दशकात मांडले : सर्वगुणसंपन्न हो, खंबीर राहा, सर्वांना खूश ठेव, सतत धडपड कर, घाई कर. पहिल्यांदाच शिकून नोकरीला लागलेल्या कुटुंबांत या सक्तीचा भार फार असतो. बापाने कंदिलाच्या उजेडात अभ्यास करून घर वर आणले. आता मुलाने डॉक्टरच झाले पाहिजे, असे त्याला वाटते. "आम्ही काय हाल काढले आणि तुला सर्व मिळून नव्वद टक्के पडत नाहीत?" या वाक्यात बापाचे कष्ट खरे आहेत, माया खरी आहे. पण मुलाला ऐकू येते ते एवढेच, की मी गुणांपुरताच ठीक आहे. मग एका परीक्षेतील अपयश त्याला आयुष्याचे अपयश वाटू लागते. अकोला-अमरावतीकडे शिकवणीसाठी खोली करून राहणाऱ्या आपल्या मुलांशी दूरध्वनीवर बोलताना पहिला प्रश्न गुणांचा असतो की जेवणाचा, हे प्रत्येक पालकाने एकदा आठवून पाहावे.

कथानक बदलता येते काय? गाडगेबाबांचे आयुष्यच याचे उत्तर आहे. व्यसनाने गेलेला बाप, पोरके बालपण, अक्षरओळख नाही, कर्जात बुडालेले घर. या रुळांवरून गाडी कोठे गेली असती, हे सांगावयास नको. परंतु मुलीच्या बारशाला रूढीप्रमाणे मांस आणि दारू देण्याचे नाकारून त्यांनी गोड जेवण घातले. जातभाई नाराज झाले, तरी ते ढळले नाहीत. बापाच्या कथानकातील मुख्य पान त्यांनी त्या दिवशी फाडले. आणि ज्याला शाळा मिळाली नाही, त्याने इतरांच्या मुलांसाठी शाळा आणि वसतिगृहे उभी केली.

'हो, पण…' आणि इतर डाव

आडपडद्याचे व्यवहार ठरावीक क्रमाने, ठरावीक शेवटापर्यंत पुनःपुन्हा होत राहिले, म्हणजे बर्न त्याला 'खेळ' म्हणतात. यात गंमत नसते, शेवटी कोणाला तरी वाईट वाटते. त्यांनी सर्वप्रथम अभ्यासलेला डाव आपल्या प्रत्येक सभेत दिसेल. एक सदस्य अडचण सांगतो. दुसरा उपाय सुचवितो. "बरोबर आहे, पण त्याला पैसे लागतात." तिसरा दुसरा उपाय सांगतो. "हो, पण लोक येत नाहीत." तासाभरात सर्व उपाय संपतात, सर्वजण थकतात, आणि अडचण सांगणाऱ्याला मनातून समाधान वाटते की, कोणालाच उत्तर सापडले नाही. यावर उपाय सोपा आहे. तिसऱ्या 'पण'ला सल्ला थांबवावा आणि विचारावे, "तुम्ही स्वतः काय करावे असे ठरविले आहे?"

डॉ. स्टीफन कार्पमन यांनी १९६८ साली दाखविलेला त्रिकोण समाजकार्य करणाऱ्यांनी अवश्य समजून घ्यावा. छळणारा, पीडित आणि तारणहार अशा त्याच्या तीन बाजू. दारुडा नवरा, सोसणारी बायको आणि मदतीला धावणारा भाऊ. भाऊ नवऱ्याला मारतो, तेव्हा तो छळणारा होतो आणि नवरा पीडित. बायको मग भावावरच उलटते आणि नवऱ्याची तारणहार होते. जागा बदलतात, त्रिकोण तसाच राहतो. म्हणून मदत करताना तीन गोष्टी विचाराव्यात. समोरच्याने मदत मागितली आहे काय? तो स्वतः करू शकतो ते आपण त्याच्यासाठी करीत आहोत काय? आणि आपल्याला खरोखर हवी आहे ती त्याची सुटका की आपला मोठेपणा? मात्र जेथे मारहाण आहे, जिवाला धोका आहे, तेथे त्रिकोणाची चर्चा करीत बसू नये. तेथे संरक्षण आणि कायदा आधी.

मर्यादा

प्रत्येक शास्त्राप्रमाणे याच्याही मर्यादा आहेत. बर्न आणि हॅरिस यांनी माँट्रियलचे मेंदूतज्ज्ञ डॉ. पेनफिल्ड यांच्या प्रयोगांचा आधार घेऊन मनात सर्व आठवणी ध्वनिफितीसारख्या जशाच्या तशा राहतात, असे मानले होते. आजचे संशोधन तसे मानीत नाही. आठवण प्रत्येक वेळी नव्याने जुळविली जाते. पालक, प्रौढ, बालक ही मेंदूतील ठिकाणे नव्हेत, ती समजून घेण्याची साधने आहेत. "तू आता बालकात आहेस" असे म्हणून दुसऱ्याला गप्प बसविणे हाही एक डावच होय. हे शास्त्र आरशासारखे आधी स्वतःपुढे धरावयाचे आहे.

दुसरे असे की, ज्याच्यावर अन्याय होतो आहे त्याला "तू फक्त स्वतःला ठीक समज" असे सांगणे ही फसवणूक ठरेल. चवदार तळ्यावर लोक मनातल्या मनात ठीक होऊन घरी बसले नाहीत, ते तळ्यापर्यंत चालत गेले. मन सावरणे आणि परिस्थिती बदलणे ही दोन्ही कामे बरोबरच चालली पाहिजेत.

तिसरे, झोप उडणे, कशातच मन न लागणे, मरणाचे विचार येणे ही लक्षणे असतील तर लेख वाचून भागत नाही. डॉक्टरांकडे जावे. १४४१६ हा शासनाचा टेलि-मानस दूरध्वनी ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असून तो विनामूल्य आहे. तेथे बोलण्यात कमीपणा नाही.

घरापासून सुरुवात

हे सर्व आचरणात कसे आणावे? प्रथम, राग आला असता उत्तर देण्यापूर्वी क्षणभर थांबून स्वतःला विचारावे, आता माझ्या तोंडून बोलणार आहे तो कोण? हा आवाज माझा आहे की कोणाचा तरी ऐकलेला आहे? दुसरे, घरात रोज एकाला तरी बिनशर्त गोड दखल द्यावी. त्यास खर्च नाही. तिसरे, मुलाची चूक सांगताना चुकीला नाव ठेवावे, मुलाला नाव ठेवू नये. चौथे, सभेत किंवा घरात उपदेशाऐवजी एखादा प्रामाणिक प्रश्न विचारून पाहावा आणि उत्तर येईपर्यंत धीर धरावा.

ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले आहे म्हणून किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून एखादी गोष्ट स्वीकारू नका, ती स्वतः तपासा, असे तथागतांनी केसपुत्त नगरीतील कालामांना सांगितले. आपण हा उपदेश धर्मग्रंथांना आणि रूढींना लावतो. तो आपल्या मनात घुमणाऱ्या "तुला जमणार नाही" या जुन्या आवाजालाही लावला पाहिजे. तो आवाज कोणाचा, तो कधी आणि कशासाठी उच्चारला गेला, आणि आज तो खरा आहे काय, हे ज्याने तपासले, त्याच्या मुलांच्या कानावर तो आवाज आपोआप जाणार नाही. आपल्या आधीच्या पिढ्यांनी पाण्यासाठी, शाळेसाठी, मानासाठी झगडून बाहेरचे पुष्कळ रूळ बदलले. आतले रूळ बदलण्याचे काम आपल्या वाट्याचे आहे, आणि ते रोजच्या बोलण्यातूनच होणार आहे.